नाही म्हटलं तर त्यांची साधना मोडते का? – दिवा लावणाऱ्या नवऱ्याकडून उत्तर

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. यजमान तंत्रसाधनेचं शिबिर करून आलेत, एकवीस दिवसांचा नेम धरलाय. रोज रात्री दिवा लावून समोरासमोर बसायचं, डोळ्यांत बघायचं, श्वास जुळवायचा. तुम्हाला कधी हसू येतं, कधी डोळा लागतो, की ते नाराज. आता पुढच्या महिन्यात जोडीने निवासी शिबिराला चल म्हणून मागे लागलेत, आणि तुम्ही विचारताय की नाही म्हटलं तर आपण त्यांच्या साधनेच्या आड येतोय का.

मी तो नवरा आहे. तुमचा नव्हे, पण सात वर्षांपूर्वी आमच्या घरात दिवा मी लावत होतो.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, संस्कृत शाळेत पन्नास मार्कांचं होतं तेवढंच. माणसागणिक गोष्ट वेगळी असते. तुमचे यजमान माझ्यापेक्षा शहाणे असतीलही. एकमेकांशी बोला, वेळ द्या, मोबाइल बाजूला ठेवा वगैरे लिहीत बसत नाही, ते तुम्हाला वरच्या दहा प्रतिसादांत मिळालंय.

माझा नेम चाळीस दिवसांचा होता, वीर्यरक्षणासकट. कपाटाच्या दाराला आतून कालनिर्णयचं जुनं पान उलटं चिकटवलं होतं आणि त्यावर रोज एक बरोबरची खूण. एकदा मुलीने विचारलं, बाबा, हे कसलं? म्हटलं, पाणी किती प्यायलो त्याचं. बायको मागे घड्या घालत उभी होती. तिच्या तोंडावर जे आलं ते मला तेव्हा शांती वाटलं. ती दमली होती हो. आधी चार वर्षं आमच्यात फारसं काही नव्हतं, आणि आता जे होतं त्याची हजेरी लागत होती.

पण हे सगळं परवडलं. महागात पडलं ते शिबिर.

गोव्यात, तीन दिवस, जोडप्याचे अडतीस हजार. नाव घेणार नाही, उगाच कोर्टाची पायरी नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 'वर्तुळ' होतं. बावीस जण चटयांवर गोल बसलेले, मधे पितळी समई, पण ज्योती बॅटरीच्या. (तेव्हाच उठायला हवं होतं.) ज्याच्या हातात घंटा येईल त्याने मनातलं सगळं बोलायचं, बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. घंटा माझ्याकडे आली आणि मी बोललो. आमच्या खोलीतलं सगळं. ती कशी भिंतीकडे तोंड करते, मला कसं वाटतं की ती मला सहन करते, शेवटचं कधी झालं, कोणी पुढाकार घेतला. सात-आठ मिनिटं तरी. मला रडू आलं, दोघांनी पाठीवर हात ठेवला, फार हलकं वाटलं. बायको शेजारीच होती. ओढणीच्या टोकाचा एक-एक धागा ओढून ती मांडीवर ठेवत होती, ओळीने. घंटा तिच्या हातात दिली तर तिने ती न वाजवता पुढच्या माणसाकडे सरकवली. नंतर ती न्हाणीघरात जाऊन रडली. मी संचालकबाईंना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, छान, निचरा होतोय.

परतताना आंबोलीत पाऊस होता. गाडी थांबवून कणसं घेतली. तिने हातात धरलं, खाल्लं नाही. आजऱ्याच्या अलीकडे कुठेतरी म्हणाली, "बावीस लोकांना सांगितलंस. मला कधी सांगितलं होतंस?"

नव्हतं सांगितलं. 'तू मला सहन करतेस असं मला वाटतं' हे वाक्य मी तिच्याशी एकदाही बोललो नव्हतो. ते पहिल्यांदा उच्चारलं ते समोर नाशिकचं एक जोडपं आणि दोन जर्मन बसलेले असताना. घरी आल्यावर ती मुलीच्या खोलीत झोपायला गेली ती सव्वा वर्ष. मी त्या केंद्राला मेल लिहिली, अशी-अशी अडचण झालीय, काय करू. उत्तर आलं: ही शुद्धीची लक्षणं आहेत, दुसऱ्या पातळीचं शिबिर करा, जुन्या साधकांना दहा टक्के सवलत. ती मेल मी अजून पुसलेली नाही. कधी राग कमी पडला की उघडतो.

रागाच्या भरातच मग मूळ पुस्तकं काढून बसलो. जे आधी करायला हवं ते नंतर केलं. शिबिरात ज्याचा उठताबसता हवाला दिला जातो त्या विज्ञानभैरव या जुन्या तंत्रग्रंथात ११२ धारणा, म्हणजे ध्यानाच्या युक्त्या, आहेत. स्त्रीसंगाच्या त्यात मोजून दोन-तीन. त्यातली एक तर म्हणते की जोडीदार जवळ नसला तरी आठवणीनेही तो आनंद उसळतो, तिथे लक्ष ठेव. आणि लगेच पुढच्या श्लोकांत काय? फार दिवसांनी नातलग भेटल्यावर होणारा आनंद. त्यापुढे खाण्यापिण्याचा आनंद. सगळे एका रांगेत, एका मोलाचे. म्हणजे मावशी अचानक दारात उभी राहिली तेव्हाचा क्षणही त्यांच्या लेखी तितकाच पवित्र. पण मावशीच्या भेटीचं शिबिर अडतीस हजारांना कोण घेणार?

कामसूत्राचंही तेच. सात अधिकरणं, म्हणजे भाग, त्यातलं प्रत्यक्ष संगाचं एक, दुसरं. लोकांना तेवढंच माहीत. तिसऱ्यात लग्नानंतरचे दिवस आहेत. पहिल्या तीन रात्री जमिनीवर झोपायचं, ब्रह्मचर्य पाळायचं, अळणी जेवायचं. त्यानंतरही घाई नाही, आधी फक्त विश्वास मिळवायचा. ग्रंथकर्ता वात्स्यायन सरळ लिहितो की विश्वास न मिळवता जबरदस्ती केली तर बायकांना संगाचाच तिटकारा बसतो. (त्याच्या ग्रंथात आज चालणार नाही असंही पुष्कळ आहे, परस्त्रीचं अख्खं अधिकरण आहे, तेव्हा त्याला देव्हाऱ्यात बसवू नका.) १९७० च्या सुमारास अमेरिकेत मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिक विषयाच्या संशोधकांनी जोडप्यांसाठी जी उपचारपद्धत मांडली तिच्यात पहिली अट हीच, की काही दिवस संग बंद, नुसता स्पर्श, तोही काही साधायचं म्हणून नाही. माझ्या चाळीस दिवसांतही संग बंदच होता म्हणा. फरक असा, की तो मी माझ्या ऊर्जेसाठी बंद केला होता, आणि तिला विचारलं नव्हतं.

वीर्यरक्षणाबद्दल एवढंच: थेंबाथेंबाचा हिशेब ठेवून ओज वाढतं वगैरे मला काही दिसलं नाही. चिडचिड वाढली, ती घरातल्या सगळ्यांना दिसली. वीर्य वाया जातंय या काळजीने पुरुष खरोखर आजारी पडतात, 'धात' म्हणून मानसोपचारात त्याची नोंद १९६० पासून आहे. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून हे विषय स्वच्छ मराठीत लिहिले, खटले अंगावर घेतले; १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आणि जवळपास शंभर वर्षांनी मी 'माझी ऊर्जा मूलाधारात अडकलीय' असं बायकोला सांगत होतो. मला म्हणायचं होतं, मला एकटं वाटतं.

आता आमचा गुंता कसा सुटला ते. कोणी गुरू भेटला नाही. सव्वा वर्षानंतर एका रविवारी मेथी निवडताना ती म्हणाली, "दुखतं." काय दुखतं? "तेव्हा दुखतं. चार वर्षं झाली." पाळी जायच्या आधीचा कोरडेपणा होता. बाईडॉक्टरांनी तपासलं, लावायला मलम दिलं, महिन्या-दीड महिन्यात फरक पडला. ती भिंतीकडे तोंड का करायची याचं उत्तर हे होतं, आणि मी त्याची समस्या बावीस लोकांत मांडून अश्रू ढाळले होते. मलम सगळ्यांना चालतंच असं नाही, विचारूनच घ्या. आणि यजमानांचं वय चाळिशीपुढे असेल, त्यांनाही काही अडचण असेल, तर आधी साखर आणि रक्तदाब बघून घ्या. पुरुषांची ही तक्रार कधी-कधी मधुमेहाची पहिली खूण असते, आणि तिच्यावर दिवा लावून भागत नाही.

तर तुमचा प्रश्न. नाही म्हणा. तुमच्या नकाराने मोडेल ती साधना नव्हे, हट्ट आहे. हे मी अनुभवाने म्हणतो, शास्त्राने नाही. त्यांना शिव-शक्तीचंच वाचायचं असेल तर अमृतानुभवाचं पहिलं प्रकरण हातात द्या. ज्ञानोबा तिथे देव-देवीबद्दल म्हणतात, दोन ओठांत गोष्ट एकच, दोन डोळ्यांत दृष्टी एकच. मी ते पान आता बऱ्याचदा उघडतो. पण बायकोला वाचून दाखवत नाही, तेवढं शिकलोय.

समोरासमोर बसणं तुम्हाला मुळातच आवडत असेल तर मात्र सोडू नका, फक्त हसू आलं तर हसा. आम्ही हल्ली रात्री गच्चीवर बसतो, ती पाय माझ्या मांडीवर टाकते, मी टाचांना तेल चोळतो. पुढे काही होतं, काही वेळा ती घोरायला लागते. भेगांना कोकम तेल चांगलं, पण चादरीला डाग पडतो, जुनी घाला.

आणि हो, निवासी शिबिराचे पैसे भरलेत का ते आजच विचारा. आमच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, पंधरा दिवस आधी कळवलं तर अर्धे परत. मी ते वाचलं परत आल्यावर, गाडीतली ओली छत्री पुसायला तीच पावती घेतली तेव्हा.