तिकिटाचे तीनशे, व्याजाचे तीन हजार

नाशिकरोडच्या एका वाचकाचं पत्र आहे: "सोमवारी पंचवटीने मुंबईला जातो, शुक्रवारी परत. एसी चेअर कारची महिन्याला आठ तिकिटं, साधारण 3,200 रुपये. डब्यातला मित्र म्हणतो, रेल्वेचं क्रेडिट कार्ड घे, दहा टक्के पॉइंट्स मिळतात. घेऊ का? जुन्या कार्डावर 85,000 बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू वेळेवर भरतो, त्यामुळे काळजी नाही. दीड लाखाची एफडी आहे, ती अडीअडचणीला. बँकेत कार्डाची चौकशी करताना वर्षाला 60,000 ची गॅरंटीड उत्पन्नाची पॉलिसीही घेतली. कागद गेल्या आठवड्यात आले."

पॉइंट्सचे धरा महिन्याला 320. आता ते राहू द्या.

मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरली की लेट फी टळते, व्याज नाही. स्टेटमेंटच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात दर असतो, बहुतेक महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास. 85,000 वर 3,000 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साडेतीन हजार. तुम्ही मिनिमम म्हणून साधारण पाच टक्के, म्हणजे सव्वाचार हजार भरता. मुद्दलातून जेमतेम 700 जातात! शिवाय बाकी थकलेली असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. पंचवटीचं तिकीटही काढल्या दिवसापासून व्याज खातं.

आणि एफडी कसली सांभाळताय? सात टक्के धरले तरी 85,000 वर महिन्याला 500 मिळतात, त्यावरही कर. तिकडे साडेतीन हजार जातायत. अडचण म्हणतात ती हीच. उद्याच मोडा, दंड कापला जाईल तो जाऊ द्या, आणि कार्ड शून्यावर आणा. उरलेले 65,000 असू द्यात हाताशी.

घाई खरी पॉलिसीची आहे. कर्ज 42 टक्क्यांचं आणि हप्ता पाच-सहा टक्के देणाऱ्या योजनेचा! कार्ड मागायला आलेल्या माणसाच्या गळ्यात हे मारणाऱ्याला त्याचं टार्गेट दिसत होतं, तुमची बाकी नाही. कागद मिळाल्यापासून 30 दिवस फ्री-लूक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत, असते. विमा कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी असा किरकोळ खर्च कापून हप्ता परत मिळतो. "साहेब, जरा थांबा" असा फोन येईल. थांबू नका, मुदत निघून जाईल. कुटुंबासाठी विमा हवाच असेल तर साधा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा, घ्या.

राहिलं तिकीट. ऑनलाइन काढताना कार्डाऐवजी यूपीआयने पैसे भरलेत तर एसीचं सुविधा शुल्क 30 ऐवजी 20, जीएसटी वेगळा. खिडकीवर तेही नाही. बिनएसी सेकंड सिटिंगचं भाडं चेअर कारच्या जेमतेम तिसरा हिस्सा. थंडीच्या चार महिन्यांत नाशिकहून पहाटे निघणाऱ्याला एसी कशाला हवा?

नवं कार्ड आत्ता नको. सहा महिने पूर्ण बिल भरून दाखवा, मग विचारा.