नवऱ्याच्या आज्ञेत राहायला आवडतं, म्हणजे माझं काही बिघडलंय का?

"शिकलेली आहे, कमावते, ऑफिसात माझ्या हाताखाली टीम आहे. आणि घरी मला नवऱ्याने हुकूम सोडावा असं वाटतं. मी वेडी आहे का?" पुण्याच्या वाकड, रावेत, हिंजवडीकडून माझ्याकडे समुपदेशनाला येणारी माणसं हा प्रश्न थोड्याफार फरकाने सारखी विचारतात. पुरुषही विचारतात, फक्त आधी अर्धा तास झोपेच्या तक्रारीत घालवतात. आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न असतोच: "आमच्यासारखे अजून कोणी आहेत का इकडे?"

अनघा आणि समीरची गोष्ट सांगते. नावं बदलली आहेत, दोन-तीन जोडप्यांचे तपशील एकत्र केले आहेत.

आजाराचा प्रश्न पटकन मिटतो. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची यादी २०२२ पासून लागू झाली. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेली सत्तेची किंवा वेदनेची देवाणघेवाण तीत आजार म्हणून उरलेली नाही. समोरच्याची संमती नसताना केलेली क्रूरता मात्र आहे. अनघाला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "बरं वाटलं." पण खांदे सैल झाले नाहीत. काटा दुसरीकडेच होता.

"माझी आई जन्मभर बाबांच्या शब्दाबाहेर गेली नाही. मी एवढी शिकून पुन्हा तेच करतेय ना?"

कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी भिस्त आहे. त्यामुळे भावनेमागचं विधान तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी विचारलं, "आईने बाबांना एखाद्या रात्री 'आज नाही' म्हटलं असतं, तर काय झालं असतं?"

"आठ दिवस अबोला. कदाचित जास्तच."

"आणि तू समीरला मध्येच थांब म्हणालीस तर?"

"तो थांबतो. पाणी आणून देतो. मग विचारतो, काय झालं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही; अशा वेळी तोंड उघडणारा समुपदेशक हातची गोष्ट घालवतो. मग ती हसायलाच लागली. "गंमत बघा मॅडम. समीरला मी कधीही नाही म्हणू शकते. पण रविवारी दहा माणसांचा स्वयंपाक जमणार नाही, हे सासूबाईंना सहा वर्षांत सांगू शकले नाही. म्हणजे मी खरी कुणाच्या आज्ञेत आहे?"

या एका वाक्यासाठी मी सगळी विवेचनं बाजूला ठेवीन. नकाराची किंमत काय पडते, हा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक जोडप्याला विचारते, आणि त्याने मला क्वचितच दगा दिला आहे. अनघाची सत्ता तिने स्वतः दिलेली होती. ती परत घेताना तिला काहीच मोजावं लागत नव्हतं. उलट चित्रही पाहते. 'मी डॉम (हुकूम देणारा जोडीदार) आहे' म्हणत बायकोचा पगार स्वतःकडे ठेवणारा, माहेरी जाऊ न देणारा, थांब म्हटल्यावर न थांबणारा नवरा समोर बसतो, तेव्हा माझ्या लेखी तो घरगुती हिंसाचार असतो, आणि त्यासाठी २००५ चा कायदा आहे.

मग त्यांचा करार कागदावर आणला. कायद्यात या कागदाला वजन नाही, पण लिहिताना बोलावं लागतं, हाच त्याचा उपयोग. कोणत्या बाबतीत हुकूम चालेल आणि किती वाजेपर्यंत? पगार, फोन, नोकरी, आईवडील त्यातून बाहेर. अजिबात नको ते वेगळं, विचार करून चालेल ते वेगळं. 'पिवळा' म्हणजे हळू, 'लाल' म्हणजे लगेच बंद. तोंड बांधलेलं असेल तर हातातली किल्ली खाली टाकायची. महिन्याने फेरविचार, आणि तो बरोबरीच्या नात्याने, चहा पिताना. दारू प्यायल्यावर काही नाही. बांधलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. हाताला मुंग्या आल्या की दोरी सोडवत बसू नका, कापा. त्यासाठी बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री हाताशी हवी. गळा दाबण्याची सुरक्षित पद्धत नाही, माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो, म्हणून ते यादीतच नको. कायदाही इथे स्पष्ट आहे: संमती असली तरी गंभीर दुखापत माफ होत नाही.

यात एक गोष्ट हमखास राहते. नंतर जवळ बसणं, पांघरूण, पाणी, काहीतरी गोड, एवढं बहुतेक जण करतात. पण एक-दोन दिवसांनी अचानक रडू येतं किंवा उदास वाटतं, ते आधी माहीत नसेल तर माणूस नात्यालाच दोष देतो. हुकूम देणाऱ्यालाही हे होतं. समीर तर महिनाभर स्वतःला राक्षस समजत होता.

माणसं शोधताना अनघाने चुकीचं टोक पकडलं होतं. ऑनलाइन भेटलेला एक 'मास्टर' दुसऱ्याच दिवशी चेहऱ्याचा फोटो मागत होता. "खऱ्या सबला (हुकूम मानणाऱ्या जोडीदाराला) लिमिट्स नसतात" म्हणत होता. हे ऐकलं की ब्लॉक करावं. खरं शिकायला मिळतं ते 'मंच' (इंग्रजी munch) नावाच्या साध्या भेटींत: कॅफे, रोजचे कपडे, आपापलं बिल, फक्त गप्पा. मोठ्या शहरांत त्या होतात. किंकी कलेक्टिव्हसारखा गट या विषयावर भारतात उघडपणे बोलत आला आहे. आयोजक आधी फोनवर बोलतो. त्याला एकच विचारा: कुणाची तक्रार आली तर तुम्ही काय करता? नेमकं उत्तर न देणाऱ्याकडे जाऊ नका.

उपनगरात अडचण वेगळीच. रावेतच्या कॅफेत शेजारी भेटतात, हिंजवडीच्या कॅफेत एचआर. म्हणून पिंपरीहून मेट्रोने, जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून डेक्कन गाठलेलं बरं. पहिली भेट घरी नकोच. सोसायटीच्या ॲपवर पाहुण्याचं नाव आणि वेळ राहते ती वेगळीच. वेगळा ईमेल, वेगळा नंबर. फोटोत चेहरा, गोंदण, खिडकीबाहेरची इमारत नको. एका मैत्रिणीला जागा आणि परतायची वेळ माहीत असावी. कशासाठी, ते सांगायची गरज नाही.

समीरला अशाच एका मंचमध्ये वयाने मोठा एक डॉम भेटला. त्याने हुकुमांबद्दल काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःला कसं वाटतं, ते मोकळेपणाने सांगितलं. माझ्या चार सत्रांचं काम झालं.

आणि त्या 'मास्टर'ने पुढे धमकी दिलीच, तर पैसे देऊ नका; दिले की मागणी वाढते. संभाषणाचे स्क्रीनशॉट ठेवा, मग ब्लॉक करा आणि १९३० वर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करा. तक्रार धमकीची असते. तुम्हाला काय आवडतं याचा खुलासा तिथे द्यावा लागत नाही.