एएसी ब्लॉकच्या भिंतींना भेगा का पडतात?

तुमचा प्रश्न: नागपुरात घर बांधताय, आर्किटेक्ट एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे मोठे ठोकळे) सुचवतात, पण मिस्तरी म्हणतो, "भेगा पडतात, लाल विटाच घ्या."

ब्लॉकच घ्या. मिस्तरी खोटं बोलत नाही, भेगा पडतात. पण बहुतेक वेळा ब्लॉकला विटेसारखं वागवल्यामुळे.

वीट भिजवून लावतात, ब्लॉक भिजवायचा नसतो. धूळ झाडून ओला ब्रश फिरवला की पुरे. चिंब ब्लॉक भिंतीत वाळताना आकसतो आणि आपल्या मे महिन्यात तो फार झपाट्यानं वाळतो. कारखान्यातून गरमागरम आलेला मालही लगेच लावू नका, ताडपत्रीखाली रचून ठेवा. पहिला थर सिमेंट-वाळूवर, काटेकोर लेव्हलमध्ये. पुढचे सांधे ३ मिमी ॲडहेसिव्हचे, म्हणजे ब्लॉक चिकटवायच्या तयार मसाल्याचे. पहिल्या थरात चुकलं तर ३ मिमीत सावरायला जागाच उरत नाही.

बीमखालचा शेवटचा थर ठोकून बसवू देऊ नका. बीम थोडा लवतोच, मग भार भिंतीवर येतो. १०-१२ मिमी फट ठेवून दोनेक आठवड्यांनी पीयू फोमनं (फुगून फट भरणारा फोम) भरा. कॉलम-बीमच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना १५० मिमी जाईल अशी जाळी मारा. छपाई (प्लास्टर) १:६ ची, म्हणजे एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू. "मजबूत" म्हणून १:३ केली की तीच आधी फुटते. वायरिंगच्या खाचा कटरनं पाडा, छिन्नी-हातोडीनं नाही.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली तर मात्र आधी पाया तपासा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिथे विटाही फाटतात.

ब्लॉकचं वजन तेवढ्याच आकाराच्या विटकामाच्या साधारण एक तृतीयांश, पण स्टील तेव्हाच वाचतं जेव्हा इंजिनिअर डिझाइनमध्ये ब्लॉकचा भार धरतो. विटेच्या भारावर काढलेलं ड्रॉइंग तसंच ठेवलं तर ती बचत विसरा. मातीची मात्र नक्की बचत: विटेला शेतातली वरची माती लागते, ब्लॉकमध्ये बहुधा फ्लाय ॲश (कोळशाची राख) असते, जी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत रोज निघते.

आणि वरच्या मजल्याला उन्हाचा खरा ताप स्लॅबमधून येतो, भिंतींमधून नंतर. गच्चीवर आधी वॉटरप्रूफिंग, मग पांढरा चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांचा थर) किंवा परावर्तक रंगाचे दोन हात. धूळ बसली की परावर्तन घटतं, म्हणून होळीच्या सुमारास गच्ची एकदा घासून धुवा.