पहाटे न पेटणारा, दुपारी पेटणारा गॅस गीझर: बोर्ड बदलण्याआधी एवढं करून बघा

ताई, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि राहवलं नाही. गीझर पहाटे पेटत नाही, दुपारी मात्र बिनतक्रार चालतो, सेल नवे, सिलिंडर भरलेला, आणि सर्व्हिसवाला म्हणतो बोर्ड (आतलं ठिणगी देणारं सर्किट) गेलाय, १८०० रुपये लागतील. सासूबाईंना पहाटे पाचला गरम पाणी लागतं म्हणून तुम्ही चुलीवर हंडा ठेवताय. लातूरला माझ्या घरी हेच दोन हिवाळे चाललं. फक्त सासूबाईंच्या जागी माझी आई होती.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. एकाच गीझरशी दोन वर्षं झगडलेला माणूस आहे. आणि गॅसचा वास येत असेल तर खालचं काहीही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका, बाहेर येऊन गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, १९०६ ला, फोन लावा.

सेल उलटे-सुलटे, रेग्युलेटर चालू-बंद हे तुम्ही बघितलंच असणार, त्यात शिरत नाही.

मला तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य महत्त्वाचं वाटलं. तुम्ही जाता जाता लिहिलंय की नळाला पाणी दुपारी येतं आणि टाकी तेव्हाच भरते. म्हणजे पहाटे टाकी तळाला गेलेली असते. गॅस गीझरला चालू करतं ते पाणीच. पाण्याच्या दाबानं आत एक रबरी पडदा सरकतो, तो एक बारीक पिन ढकलतो, पिन छोटा स्विच दाबते, मग ठिणगी सुरू होते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. पडदा पुरेसा सरकला नाही तर पुढचं काहीच होत नाही. तुमचा बोर्ड खराब असता तर तो बहुतेक दुपारीही खराबच राहिला असता.

म्हणून आधी कान द्या. नळ सोडल्यावर ठिणगीची टकटक अजिबात येत नसेल, किंवा एक-दोनदा येऊन थांबत असेल, तर पाण्याकडे बघा. टकटक सारखी चालू आहे पण ज्योत नाही, तर गॅसकडे बघा: सिलिंडर संपत आलाय का, नुकताच बदलल्यामुळे नळीत हवा आहे का. कडाक्याच्या थंडीत संपत आलेल्या सिलिंडरचा दाबही पडतो आणि तुमच्या परभणीची थंडी काय सांगायची! पेटून लगेच विझत असेल तर तो तिसराच प्रकार, त्याला जाणकार माणूस बोलवा.

आता माझं सांगतो, कारण माझे पैसे आणि दिवस गेले ते इथंच. पहिल्या हिवाळ्यात सर्व्हिस सेंटरला फोन केला. माणूस आला दुपारी दोनला. नळ सोडला, गीझर पेटला. ‘काही नाही, चालतोय’ म्हणून व्हिजिटचे ३५० घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गप्प. परत तक्रार, परत माणूस दुपारीच. या वेळी त्यानं ठिणगीचं मॉड्यूल बदललं, १४५०. पुढच्या महिन्यात गॅसचा व्हॉल्व्ह, २२००. वॉरंटीचं विचारलं तर म्हणे पाणी खारं असलं की वॉरंटी लागू नाही. अहो, मराठवाड्यात खारं पाणी नाही असं घर दाखवा मला! मी पहाटे माणूस पाठवा म्हणून चार वेळा विनवलं. दोनदा कुणी न येताच ‘तक्रार सोडवली’ असा मेसेज आला. एकदाही कुणी विचारलं नाही की तुमची टाकी कुठं आहे, पाणी कधी येतं. आई त्या थंडीत गार पाण्यानं आंघोळ करून खोकत बसायची, त्याचा राग अजून जात नाही.

माझी चूक ही की बदललेला सुटा भाग मी कधी हातात मागितला नाही आणि तो का बदलला हे विचारलं नाही. तुम्ही विचारा. पावती घ्या, जुना भाग घरी ठेवा. फिरवाफिरवी झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथं नोंदवायला तेव्हा मला सुचलं नाही.

शेवटी शेजारच्या प्लंबरनं पाण्याच्या पाइपचा नट खोलला. गीझरच्या पाणी आत घेणाऱ्या तोंडाशी रुपयाएवढी जाळी असते. तिच्यावर भिंतीच्या चुन्यासारखा पांढरा पापुद्रा धरला होता, मधल्या चार-पाच भोकांतूनच काय ते पाणी जात होतं. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी आमच्या गल्लीत दर दोन घरांमागं एक बोअर पडला. तेच खोल बोअरचं पाणी टाकीत येतं, जाळीवर क्षार धरणारच.

तुम्ही आधी एक साधी चाचणी करा. गीझरच्या गरम पाण्याच्या नळाखाली एक लिटरचं भांडं धरा आणि सेकंद मोजा, एकदा पहाटे, एकदा टाकी भरल्यावर. माझ्याकडे भरल्या टाकीला २० सेकंद लागायचे आणि पहाटे ३०. म्हणजे मिनिटाला तीन लिटरवरून दोन लिटर. तेवढ्या फरकानं पडदा सरकायचा थांबत होता. प्रत्येक मॉडेलची गरज वेगळी असते, तुमच्या पुस्तिकेत ‘किमान दाब’ लिहिलेला असेल तो बघा. टाकीतलं पाणी गीझरपेक्षा जितकं वर, तितका दाब: एक मीटरला ०.१ बार (बार हे दाबाचं माप). गच्चीवर टाकी आणि लगेच खालच्या मजल्यावर गीझर, असं असेल तर उंचीच कमी पडते.

जाळी काढणं सोपं आहे, पण आधी पाणी आणि रेग्युलेटर बंद, सेल बाहेर. जाळी रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवा आणि जुन्या ब्रशनं घासा. गॅसच्या बाजूचा एकही स्क्रू स्वतः खोलू नका. माझ्याकडे जाळी साफ केल्यावर भरल्या टाकीला १३ सेकंद आले, पहाटे १९. तरी कधी रुसायचा, म्हणून टाकीखाली तीन फुटांचा लोखंडी स्टँड करून घेतला. प्रेशर पंपानंही झालं असतं, पण पहाटे लाइट गेली की पुन्हा तेच. हे माझं मत, तुमच्याकडे लाइटचं बरं असेल तर पंप बघा.

कुणी भट्टीचा मोठा रेग्युलेटर लावा म्हणालं तर ऐकू नका. घरगुती गीझर ३० मिलीबारच्या साध्या रेग्युलेटरसाठीच केलेला असतो. आणि पेटत नाही म्हणून नळ सारखा चालू-बंद करत बसू नका. पडदा अर्धवट सरकला तर प्रत्येक वेळी थोडा गॅस सुटू शकतो, तो हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचतो. आठव्या-नवव्या वेळी माझ्याकडे एकदम भडका होऊन हातावरचे केस जळाले होते. दोन प्रयत्नांत नाही पेटला तर पाच मिनिटं दार उघडं ठेवून थांबा.

एक गोष्ट विचारलेली नाही तरी सांगतो. तुमच्या फोटोत गीझर बाथरूमच्या आत आहे आणि वरच्या खिडकीला थंडीसाठी प्लास्टिक लावलंय. ते आजच काढा. बंद जागेत गीझर चालू राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणसाला कळायच्या आत गुंगी येते. सासूबाई आत असताना तर अजिबात नको. गीझर बाहेर व्हरांड्यात लावून फक्त गरम पाण्याचा पाइप आत घेता आला तर सगळ्यात बरं. तोवर आधी बादली भरून घ्या, गीझर बंद करा, मग त्यांना आत जाऊ द्या.

उद्या पहाटेचे आणि दुपारचे सेकंद इथं लिहा, टाकीच्या बुडापासून गीझरपर्यंत किती फूट आहे तेही मोजा. तोवर सर्व्हिसवाल्याला बोर्डाची ऑर्डर देऊ नका.