बांध कोरला, गडगा सरकला: वाचकांचे प्रश्न

मे महिना संपला की आमच्याकडे पत्रांचा ढीग पडतो. चाकरमानी गावाहून परत येतो तो आंब्याच्या पेटीबरोबर एक भांडणही घेऊन येतो, आणि मग पुढचे दोन महिने लोकलमध्ये उभ्याने त्याचाच विचार. मी स्वतः तीसेक वर्षं जमीन मोजणीच्या कामात काढली, साखळीपासून सॅटेलाइटवर चालणाऱ्या रोव्हर यंत्रापर्यंत सगळं हाताळलं, आता डोंबिवलीत बसून तुमची पत्रं वाचतो. यावेळी पाच निवडली. पहिल्याला जरा जास्त जागा देतोय कारण तसलीच अजून बरीच आली होती.

काका नमस्कार. आम्ही लालबागला राहतो, गाव संगमेश्वर तालुक्यात. वडिलांच्या नावावर ३२ गुंठे आहेत, त्यात आंब्याची १४ कलमं. लॉकडाऊनमध्ये दोन वर्षं गावाला जाणं झालं नाही, २०२२ च्या मे मध्ये गेलो तर शेजाऱ्यांनी हद्दीवरचा जुना दगडी गडगा काढून नवीन चिऱ्याचा बांधलाय आणि आमची दोन कलमं त्यांच्या आत. विचारलं तर म्हणतात पहिलाच चुकीचा होता. आमच्या सातबाऱ्यावर ३२ च्या ३२ तशीच आहे मग जमीन गेली कशी? पोलीस म्हणतात दिवाणी मॅटर. भाऊ म्हणतोय गणपतीत जाऊन गडगा पाडून टाकू. काय करू?

पहिलं म्हणजे भावाला थांबवा. तुमची बाजू शंभर टक्के खरी असली तरी ज्या दिवशी तुम्ही गडग्याला पहार लावाल त्या दिवशी केस तुमच्यावर होईल, आणि मग देवरुखच्या कोर्टात तारखेला हजर राहायला रात्रीची गाडी पकडून तुम्हीच जाणार, शेजारी नाही. तो तर तिथेच आहे.

आता सातबारा. सगळ्यांचा इथेच घोळ होतो. सातबारा सांगतो जमीन कुणाची आणि किती, कुठून कुठपर्यंत ते सांगत नाही. शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून तुमच्या सातबाऱ्यावरचा आकडा हलत नाही, तो कागदावर बसून राहतो आणि जमीन तिकडे जाते. हद्द कळते ती नकाशावरून. भूमी अभिलेखच्या ऑफिसात तुमच्या सर्व्हे नंबरचं टिपण, फाळणी, गुणाकार बुक असले जुने कागद असतात, त्यांच्या नकला आधी काढा. कोकणात खूप ठिकाणी हिस्से पडले पण हिस्स्यांचे नकाशे झालेच नाहीत, तुमचं तसं निघालं तर काम लांबणार हे आत्ताच धरून चाला.

आणि एक बारीक गोष्ट. तुम्ही ३२ गुंठे म्हणताय, पण सातबाऱ्यावर ०.३२ असं लिहिलं असेल तर ते आर आहेत. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, म्हणजे १०८९. आमची जुनी साखळी ३३ फुटाची असायची ती त्यामुळेच. फरक १२-१३ फुटाचाच दिसतो पण ३२ ने गुणलं की ४०० चौरस फूट होतात, मुंबईत तेवढ्यात लोक संसार करतात. मी अशी भांडणं पाहिलीत जिथे जमीन कुणीच खाल्ली नव्हती, आराचे गुंठे समजून दोन घरं बोलायची बंद झाली होती. तुमच्याकडे कलमंच आत गेलीत म्हणजे मामला वेगळा आहे, तरी मोजणीला उभं राहताना आपला आकडा बरोबर असू द्या.

मोजणीचं म्हणाल तर हद्दकायम मोजणीचा अर्ज करायचा, ई-मोजणीवर ऑनलाइन होतो, तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख ऑफिसकडे जातो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, द्रुतगतीला पैसे जास्त. अर्जात लगतच्या सगळ्या कब्जेदारांची नावं आणि पत्ते नीट द्या, कारण त्यांना नोटीस गेल्याशिवाय केलेली मोजणी पुढे कोर्टात लंगडी पडते. आणि इथे गंमत अशी असते की शेजारीही बऱ्याचदा मुंबईतच असतो, नोटीस गावच्या बंद घराच्या दाराला आणि तो बसलाय काळाचौकीला, तुमच्यापासून दहा मिनिटांवर. एकदा तर दोन्ही पार्ट्या मला एकाच गाडीतून उतरताना दिसल्या होत्या, डबे वेगळे. तेव्हा त्याचा मुंबईचा पत्ता मिळवा आणि तोही द्या.

तारीख पावसात घेऊ नका. मोजणीच्या आधी गड्याला सांगून हद्दीवरचं रान साफ करून घ्या, करवंदीच्या जाळीत आणि रानमोडीत भूकरमापक (सरकारी मोजणीवाला) यंत्र घेऊन घुसणार नाही, आणि घुसला तरी नीट मोजणार नाही. जुन्या गडग्याचा पाया, जुना हद्दीचा दगड, त्या जागेचे जुने फोटो (कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये हमखास सापडतो) हे सगळं त्या दिवशी हजर ठेवा. गावातले दोन म्हातारे ज्यांना जुना गडगा आठवतो त्यांनाही बोलवा, चहा पाजा.

मोजणी झाली की 'क' प्रत मिळते. त्यात नकाशाप्रमाणे हद्द कुठे आणि प्रत्यक्ष वहिवाट कुठे ते वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेलं असतं, दोघांच्या मधलं क्षेत्र तेच तुमचं गेलेलं. शेजाऱ्याला मोजणी पटली नाही तर तो निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागू शकतो, तुम्हीही मागू शकता. पण हे लक्षात घ्या की मोजणीवाला अतिक्रमण काढून देत नाही. लोक त्याच्या अंगावर जातात, 'साहेब खुंटी मारली ना मग गडगा पाडा', अहो त्याचं काम दाखवायचं, पाडायचं नाही.

ताबा परत मिळवायला दिवाणी कोर्ट. यात मुदतीचं गणित समजून घ्या. जबरदस्तीने ताबा गेला की सहा महिन्यांत दोन जलद रस्ते असतात, एक तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली आणि दुसरा दिवाणी कोर्टात स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम ६ खाली, तिथे मालकी सिद्ध करावी लागत नाही, कालपर्यंत ताबा माझा होता आणि हुसकावला एवढं पुरतं. तुमचे सहा महिने कधीच गेले. आता मालकीच्या जोरावर दावा, त्याला १२ वर्षं. गडगा २०२०-२१ कडे सरकला असं धरलं तर २०३२ पर्यंत. त्यानंतर शेजारी म्हणू शकतो की मी उघडउघड मालकासारखा वापरत होतो, कुणी हरकत घेतली नाही, आता ती माझी. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तर असंही सांगितलं की असा ताबेदार फक्त बचावातच नाही, स्वतः दावा लावूनही हे मागू शकतो. म्हणजे दरवर्षी मे महिन्यात जाऊन नुसतं भांडून यायचं आणि कागद काहीच करायचा नाही, हे सगळ्यात महाग पडतं.

पोलिसांचं म्हणणं अर्धं बरोबर. हद्द कुठली हे ते ठरवू शकत नाहीत. पण धमकी दिली, मारहाणीला आले, तर तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. मारामारीच होईल अशी वेळ आली तर कार्यकारी दंडाधिकारी ताब्याच्या वादात हात घालू शकतो, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं (सीआरपीसी) कलम १४५, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं १६४.

खरं सांगू, 'क' प्रत हातात आल्यावर बरीच भांडणं कोर्टात जातच नाहीत. समोरच्याला पण कळतं. कधी तो म्हणतो गडगा राहू दे, दोन कलमांचा आंबा तुम्ही काढा. तसं काही ठरलं तर लेखी घ्या, तोंडी अजिबात नको.

काका, मी कांदिवलीला असते, सासरचं गाव पोलादपूरकडे. आमच्या परड्यातून वरच्या वाडीची पायवाट जाते. आधी माणसंच जायची, आता बाइक नेतात, एकाने तर टेम्पो घातला आणि बांध फुटला. गेट लावून कुलूप घातलं तर चालेल का?

ताई, कुलूप नको. ती वाट गावाच्या नकाशावर आहे का ते आधी बघा, पायमार्ग आणि गाडीमार्ग त्यावर तुटक रेघांनी दाखवलेले असतात. नकाशावर असेल तर ती बंद करणं तुमच्या हातातच नाही. नसली तरी २० वर्षं लोक हक्काने, उघडपणे, न अडवता जात असतील तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने त्यांचा वाटेचा हक्क तयार होतो. उद्या तुम्ही अडवलं तर ते तहसीलदाराकडे जातील आणि अडथळा काढायचा हुकूम आणतील, तोही लवकर मिळतो.

पण हक्क झाला असेल तर पायवाटेचा झाला, टेम्पोचा नाही. चालायच्या वाटेवर चाकं घालून तुमच्या जमिनीवरचा बोजा वाढवता येत नाही. म्हणून माणूस आणि गुरं जातील पण गाडी जाणार नाही असं काहीतरी करा, पूर्वी आपल्याकडे बेडं (आडव्या बांबूंचं फाटक) घालायचे तसं, किंवा दोन चिरे उभे पुरायचे. वाडीतल्या लोकांशी आधी बोला, पावसात पेशंटला खाली आणायचं झालं तर काय हा प्रश्न ते विचारणारच आणि तो बरोबर आहे. त्यांना आपल्या शेतात जायला गाडीचा रस्ता हवा असेल तर महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागायची सोय आहे, तो दोन्ही बाजूंच्या हद्दीवरून जातो, तुमच्या परड्याच्या मधून नाही. तुमच्यासाठीही तेच बरं.

कर्जतजवळ अडीच एकर घेतलीय, शनिवार-रविवारी जातो. ओढ्यामुळे पिकनिकवाले सरळ आत घुसतात, बाटल्या फोडतात, एकदा गवत पेटवलं. कुंपणात हलका करंट सोडायचा विचार आहे, ओळखीचा वायरमन करून देतो म्हणतो.

त्या वायरमनचा नंबर डिलीट करा. लाइनवरून तारेत करंट सोडून माणसं आणि गुरं मेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात, आणि मालक सदोष मनुष्यवधात आत जातो. घुसणाऱ्याने गुन्हा केला हे खरं, भारतीय न्याय संहितेच्या (बीएनएस, जुन्या आयपीसीच्या जागी आलेली) कलम ३२९ खाली फौजदारी अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड, पण बाटली फोडली म्हणून जीव घ्यायचा परवाना तुम्हाला मिळत नाही.

काटेरी तार, तिच्या आतून निवडुंग किंवा घायपाताची वई, दिसेल असा बोर्ड 'खासगी जमीन', आणि सोमवार ते शुक्रवार कुणीतरी जागेवर. ओढा मात्र तुमचा नाही, सरकारचा आहे, ओढ्यातल्या माणसाला हुसकावू नका, वर चढून तुमच्यात आला की बोला. गाड्यांच्या नंबरचे फोटो काढा आणि पोलीस पाटलांशी ओळख ठेवा, त्यांच्या एका फोनने जे होतं ते तुमच्या दहा बोर्डांनी होत नाही.

आमचा राखणदार २२ वर्षं बागेत झोपडी करून राहतो. आता लोक सांगतात तो कूळ (खंडाने, म्हणजे भाड्याने जमीन कसणारा) लागेल, नाहीतर १२ वर्षं झाली म्हणून मालक होईल. काढून टाकू का? तसा माणूस चांगला आहे. (परळ)

चांगल्या माणसाला भीतीपोटी काढू नका. राखणदार तुमच्या वतीने, तुमच्या परवानगीने राहतो, तो कितीही वर्षं राहिला तरी त्यामुळे मालक होत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये हे स्वच्छ सांगितलंय. कसणारी कुळं मालक ठरली त्या १ एप्रिल १९५७ पासून कुळाचं भूत आपल्या मानगुटीवर आहे, पण पगारावर राबणारा मजूर म्हणजे कूळ नव्हे. अडचण पुराव्याची असते. २२ वर्षं रोख पगार दिला, कागद शून्य, आणि वर 'काजू तूच विक, निम्मे मला दे' असा व्यवहार केलात तर उद्या कोर्टात ते मजुरीपेक्षा खंडासारखं दिसेल. म्हणून आजपासून पगार बँकेतून द्या, एक साधा करार करा की मी राखणदार म्हणून राहतो, आणि सातबारा दरवर्षी काढून बघा, डिजिटल सहीचा १५ रुपयात मिळतो. ई-पीक पाहणी (पिकाची मोबाइलवरून नोंद) स्वतः करा, फोटो जागेवर उभं राहूनच काढावा लागतो. गणपतीला गावी जाताच ना, खरिपाची नोंद साधारण तेव्हाच असते.

आम्ही साताऱ्याकडचे. आजोबांच्या काळापासून शेजाऱ्यांच्या नंबरात आम्ही कसतो आणि आमच्या नंबरात ते, मोजणीत आत्ता कळलं. भांडण नाहीये. पण नावं बदलायला मुद्रांक शुल्क लाखात जाईल म्हणतात. (घणसोली)

भांडण नाही म्हणताय तर उशीर करू नका, पुढच्या पिढीत होईल. तुमच्यासाठीच शासनाने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना काढली होती. एकमेकांच्या जमिनीत उलटसुलट ताबा किमान १२ वर्षं असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १०००, बस. तलाठी पंचनामा करतो, ताबा खरंच तसा आहे का पाहतो. फक्त शेतजमिनीला आहे, बिनशेतीला नाही. योजनेला मुदत असते, म्हणून दस्ताच्या तयारीला लागायच्या आधी तहसीलमध्ये आजची तारीख चालते का विचारा, आणि शेजाऱ्यांच्या सातबाऱ्यावर किती बहिणींची नावं आहेत तेही मोजा, सह्या सगळ्यांच्या लागतील.