शत्रूच्या ‘रेषांमागे’ की पिछाडीला?

प्रश्न मालवणहून आला आहे. तिथल्या एका वाचनालयाने मे महिन्याच्या सुट्टीत युद्धपट दाखवायचं ठरवलं आणि फलकावर ओळ लिहिली, ‘शत्रूच्या रेषांमागे वेढल्या गेलेल्या सैनिकांच्या कथा’. एका निवृत्त गुरुजींनी ती वाचून ‘भूमितीचा तास आहे का?’ असं विचारलं. प्रश्नकर्त्या ताई म्हणतात, काहीतरी खटकतं खरं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. शिवाय वेढा, गराडा, विळखा, कोंडी यांतलं घ्यायचं काय?

गुरुजींचं बरोबर आहे. इंग्रजीतल्या ‘बिहाइंड एनिमी लाइन्स’चं हे शब्दशः भाषांतर. रेषा आपण आखतो, ओढतो, ओलांडतो. ती कागदावर असते, फार तर नकाशावर. नियंत्रण रेषा नकाशावरच आखलेली, म्हणून तिथे हा शब्द चालून जातो. (आणि म्हणूनच तुमचा फलक वाचून निम्म्या गावाला हे काश्मीरवरचे सिनेमे वाटणार.) लढायला उभ्या ठाकलेल्या माणसांच्या रांगेला मराठीत फळी म्हणतात. फळी धरतात, फळी फोडतात. क्रिकेटच्या बातम्यांत मधली फळी तर दर आठवड्याला कोसळते. ही फळी ओलांडून पलीकडे गेलं की जे लागतं ती शत्रूची पिछाडी.

पिछाडी हा शब्द मला फार आवडतो. घोड्याचे मागचे पाय ज्या दोराने बांधतात, तीही पिछाडीच. सैन्याच्या पुढे बिनी, मागे चंदावल, अशी सगळी मांडणी मराठीत तयार होती. पुढे आघाडी राजकारणाने नेली, बिनीचे शिलेदार सत्कारसमारंभात उरले, पिछाडी गुणफलकावर जाऊन बसली. तरी ‘शत्रूच्या पिछाडीला उतरलेली तुकडी’ म्हटलं की कुणी अर्थ विचारत नाही. एकटा-दुकटा माणूस असेल तर ‘शत्रूच्या मुलखात’ अधिक बरं. २००१ सालच्या ‘बिहाइंड एनिमी लाइन्स’ याच नावाच्या चित्रपटात बोस्नियात विमान पाडलं गेल्यावर त्यातला दिशादर्शक (नॅव्हिगेटर) जीव घेऊन पळतो. त्याला पिछाडी कसली नि आघाडी कसली! चहूकडे परका मुलूख, एवढंच.

‘शत्रूच्या गोटात’ मात्र नको. गोट म्हणजे छावणी, आणि आता तर पक्ष, कंपू. गोटात शिरतो तो हेर, गोटात उडते ती खळबळ.

आता दुसरा भाग, आणि इथे खरी गंमत आहे. या नामांचे अर्थ कोशात पाहिले तर सगळे एकमेकांचे पर्याय दिसतात. त्यांची क्रियापदं पाहा. वेढा घालतात आणि उठवतात. गराडा पडतो आणि पांगतो. विळखा बसतो आणि सुटतो. कोंडी होते आणि फुटते. वेढा उठवणं बहुधा वेढा घालणाऱ्याच्या हाती. संभाजीराजांनी जंजिऱ्याला वेढा घातला, मोगलांचा रेटा वाढल्यावर तो त्यांना उठवावा लागला. आत बसलेला वेढा सोसतो, नाहीतर त्यातून निसटतो. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला पडलेला होताच, शिवाजीमहाराज त्यातून निसटले. कोंडीचं उलट आहे. ती फोडायची असते, आणि फोडतो तो बहुतेक वेळा आतलाच. म्हणजे वेढा हा शब्द बाहेरून पाहतो, कोंडी आतून. गणपतीला मुंबई-गोवा महामार्गावर जी होते ती कोंडी, वेढा नव्हे, हे चाकरमान्यांना सांगायला नको.

आणखी एक. वेढा बहुतकरून जागेला पडतो: गडाला, शहराला, ठाण्याला. संस्कृत ‘वेष्ट’पासून प्राकृतातून आलेला हा शब्द, म्हणजे भोवती गुंडाळलेलं काहीतरी. गुंडाळायला मधे काही स्थिर लागतं. चालत्या तुकडीची होते ती कोंडी.

याच फूटपट्टीने चित्रपट लावून पाहा. ‘बॉर्डर’ (१९९७) राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला ठाण्याचा. डिसेंबर १९७१, सुमारे १२० जवान आणि समोर रणगाडे. पहाटे हंटर विमानं येईपर्यंत ठाणं हातचं जाऊ द्यायचं नाही. हे जवान आपल्याच ठाण्यात आहेत, पिछाडीचा प्रश्नच नाही. इथे आपलं जुनं क्रियापद चपखल बसतं: ठाणं लढवलं. किल्ला लढवतात, खिंड लढवतात, तसं. ‘ब्लॅक हॉक डाऊन’ (२००१) सोमालियातल्या मोगादिशूचा. ऑक्टोबर १९९३, १८ अमेरिकन सैनिक त्या लढाईत पडले. तिथे फळीच नव्हती. गल्लीगल्लीतून, गच्च्यांवरून माणसं. गराडा हा शब्द चाहत्यांनी नि पत्रकारांनी पार गुळगुळीत करून टाकला, नाहीतर तिथे तोच हवा होता.

स्टालिनग्राडला काय म्हणावं, हे मला बरेच दिवस सुचत नव्हतं. शहराला भिडलेलं जर्मनांचं सहावं सैन्य १९४२च्या नोव्हेंबरात रशियनांनी दोन्ही बाजूंनी येऊन मागून बंद केलं. विमानांतून पोचवलेली रसद पुरली नाही, फेब्रुवारी १९४३मध्ये उरलेले शरण आले. म्हटलं तर वेढा, म्हटलं तर कोंडी. जर्मन अशा स्थितीला ‘केसेल’ म्हणतात, म्हणजे हंडा. रशियन शब्दही त्याच अर्थाचा. मला वाटायचं, हंडा का? तळाशी जाळ आहे म्हणून?

उत्तर तुमच्याच मालवणात, दांडीच्या किनाऱ्यावर मिळालं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहिली असेलच तुम्ही. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धगोल मारून येते, दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला लागतं आणि दोन्हीकडे माणसं वाळूत टाचा रोवून, मागे रेलून ओढू लागतात. बराच वेळ काहीच दिसत नाही. समोर सिंधुदुर्ग, मधे शांत पाणी. आत बांगड्यांचा थवा मजेत फिरत असणार. दोन्ही रांगा हळूहळू जवळ सरकतात, पाणी उथळ होतं आणि मग एकदम मधलं पाणी खदखदायला लागतं, चुलीवर आधण ठेवल्यासारखं. हाच तो हंडा!

‘डंकर्क’ (२०१७) पाहताना शेजारी बसलेले एक मच्छीमार काका वाळूवरच्या त्या रांगा बघून उद्गारले, “रापणीत गावले मरे हे सगळे!” मी मनातल्या मनात त्यांना दुरुस्त केलं, कारण ती रापण उलटी होती. मासा, म्हणजे दोस्तांचं सैन्य, फ्रान्सच्या किनाऱ्यावर आणि ओढणारे जर्मन जमिनीच्या बाजूने. मोकळं तोंड समुद्राकडे. म्हणून तर २६ मे ते ४ जून १९४० या दिवसांत तीन लाख अडतीस हजारांवर सैनिक बोटींतून निघू शकले. शब्द मात्र काकांचाच बरोबर. ‘वेढलेले’ म्हणताना पाश आवळत चालल्याचं कळत नाही, रापणीत ते कळतं.

अर्थात फलकावर रापण लिहू नका, लोक मासे घ्यायला पिशव्या आणतील. ‘शत्रूच्या पिछाडीला कोंडीत सापडलेले सैनिक’ असं लिहा. ‘वेढल्या गेलेल्या’मधलं ‘गेलेल्या’ आपोआप गळेल. ‘बॉर्डर’ही दाखवणार असाल तर ‘पिछाडीला’ काढा, कारण ते जवान पिछाडीला नव्हते. मग फलकावर जागाही वाचेल, खेळाची वेळ जरा ठळक अक्षरांत लिहिता येईल.