स्केल कागदाला लाव, भिंतीला नको

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग शेडचा तुझा प्लॅन उघडून पाहिला. १८ मीटरची भिंत तू ३६० मिलिमीटर काढलीस, म्हणजे १:५० स्केल (खऱ्या मापाच्या पन्नासपट लहान) स्वतःच करून टाकलंस. तसं करू नकोस. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल स्पेस म्हणजे खऱ्या मापात रेखाटायची जागा; तिथं ती १८००० चीच काढायची, युनिट मिलिमीटर ठेवून. लहान करायचं काम लेआउटमधल्या, म्हणजे छपाईच्या पानावरच्या, व्ह्यूपोर्टचं; मॉडेल दाखवणारी चौकट ती. तिथं १:५० लाव आणि लगेच लॉक कर, नाहीतर आत शिरून माउसचं चाक फिरवलं की स्केल गेलं.

अक्षरांचं गणित मात्र नीट समजून घे. कागदावर २.५ मिलिमीटरचं अक्षर हवं, तर १:५० ला मॉडेलमध्ये ते १२५ लागतं. दरवेळी हा गुणाकार करण्यापेक्षा डायमेन्शन स्टाइल, म्हणजे मापं लिहिण्याची ठेवण, ॲनोटेटिव्ह ठेव; मग स्केलप्रमाणे अक्षराचा आकार ऑटोकॅडच ठरवतं. जिन्याचा डिटेल १:२० ला दाखवायचा असेल, तर त्या मापांना तेही स्केल जोड. अक्षर दोन्हीकडे सारखंच छापलं जाईल.

आणि माप जुळत नाही म्हणून त्यावर आकडा टाइप करू नकोस, कधीच. मी एकदा केला होता. पुढे भिंत सरकली, आकडा तसाच राहिला, आणि गवंड्यानं आखणी केली ती त्या आकड्यावर. रेषच दुरुस्त कर.